पंधरावं नाव

त्यांना सगळे सातच्या बाई म्हणायचे. राष्ट्रीय प्रसारण मंडळाच्या रेडिओवर सकाळी सातचं बातमीपत्र गेली एकोणीस वर्षं त्याच वाचत होत्या. त्यांचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण भाजीवाल्याकडे अर्धा किलो बटाटे मागितले तरी बाजूची दोन माणसं माना वळवून बघायची. "तुम्ही त्याच ना हो?" बाईंना हे मनातून आवडायचं. वरवर त्या "कोण मी?" म्हणायच्या आणि पिशवी पुढे करायच्या.

मंडळातला पगाराचा घोटाळा बाहेर काढला तो एका सांजदैनिकाने. महासंचालक धरून मंडळातल्या चौदा बड्या मंडळींना तीन वर्षं पगाराखेरीज 'विशेष मानधन' म्हणून घसघशीत रक्कम मिळत होती. मंडळाच्या हिशेबात तिचा मागमूस नव्हता. ती एका भलत्याच कंपनीच्या नावाने फिरून यायची. आणि त्याच तीन वर्षांत मंडळातल्या तीनशे कंत्राटी लोकांना, तिजोरीत खडखडाट आहे असं सांगून, छदामाचीही वाढ दिलेली नव्हती. मंडळ चालायचं ते घराघरातून दरवर्षी भरल्या जाणाऱ्या फीवर. लोकांचं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

फी भरणं लोकांनी बंद केलं. मंडळाच्या गाडीवर अंडी पडली. कॅमेरावाले मंडळाचं नाव लिहिलेलं जाकीट उलटं करून घालू लागले. एका सकाळी फाटकावर कुणीतरी मोठा कागद चिकटवला होता, 'आजच्या ठळक चोऱ्या', आणि खाली चौदा नावं. पहारेकऱ्याने तो कागद काढला, पण काढण्याआधी स्वतः नीट वाचून घेतला.

त्या चौदांत सातच्या बाईंचं नाव नव्हतं.

"मला ठाऊकच होतं," त्यांचा नवरा म्हणाला. तो भूमापन खात्यात नकाशे काढायचा. रेघ वाकडी गेली की रात्रभर अस्वस्थ होणारा माणूस. "ऑफिसात सगळे विचारत होते. मी म्हटलं, बघा, शोधा, सापडतंय का आमच्या हिचं नाव." त्या आठवड्यात तो कॉलर ताठ करून कामाला गेला.

रोज डबा हातात देताना बाई त्याच्याकडे बघायचं टाळायच्या. कारण सांजदैनिकाला सापडले होते ते तीन वर्षांचे कागद. पैसे द्यायला सुरुवात झाली होती त्याच्या एक वर्ष आधी.

त्या वर्षीच्या जानेवारीत जुन्या महासंचालकांनी त्यांना खोलीत बोलावलं होतं. "तुमच्यासारखी माणसं आम्ही जपायला हवीत," असं म्हणून एक कागद पुढे सरकवला होता. बाईंनी सही केली. बारा महिने पैसे आले. वर्ष संपताना हिशेबखात्यातला एक कारकून जिन्यात त्यांना हळूच म्हणाला, "बाई, याची पावती मात्र कधी मागू नका हं." तेव्हा त्यांना उमगलं की हे पैसे सरळ मार्गाचे नाहीत. पुढच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. पण तोंडही उघडलं नाही. आलेल्या पैशांतून स्वयंपाकघर नवं करून झालं होतं: नवा ओटा, नवी फरशी, खिडकीखाली रुंद कट्टा. नवऱ्याला त्यांनी थकबाकी मिळाल्याचं सांगितलं होतं. त्या वर्षाचे कागद पुढे कचेरीची जागा बदलताना रद्दीत गेले.

म्हणजे कुणाला कधीच कळणार नव्हतं.

जुने महासंचालक गेले आणि नवे आले. ते आधी शहराचा पाणीपुरवठा सांभाळायचे. साधा शर्ट, घसा खाकरून बोलायची सवय. आल्या आल्या त्यांनी स्वतःचा पगार कागदावर लिहून फाटकाशी लावला. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. एकजण म्हणाला, "एवढ्यात भागतं का हो यांचं?" दुसरा म्हणाला, "वरकमाई असेल." लोकांचा विश्वास इतका उडाला होता की खरा आकडाही त्यांना बनाव वाटत होता.

तेव्हा प्रसिद्धीप्रमुखाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. ज्या आवाजावर देशाचा अजून विश्वास आहे, त्या आवाजातच लोकांना सांगायचं. सातच्या बाई अर्ध्या मिनिटाचं एक निवेदन वाचतील आणि ते दिवसातून दहा वेळा वाजेल. नव्या साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले, पण बाकीचे सगळे एका सुरात हो म्हणाले.

"तुमच्याशिवाय आहे कोण आमच्याकडे आता?" प्रसिद्धीप्रमुखाने बाईंच्या हातात कागद दिला.

दुपारी तीनला ध्वनिमुद्रण ठरलं. काचेपलीकडे नेहमीप्रमाणे लेव्हलराव होता. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. प्रत्येक मुद्रणाआधी आवाजाची पातळी तपासायला तो "लेव्हल द्या" म्हणायचा, त्यावरून सगळे त्याला लेव्हलराव म्हणायचे. अकरा वर्षं तो कंत्राटावर होता. दर अकरा महिन्यांनी त्याला नवं पत्र मिळायचं. बाईंचा माइक कुठल्या उंचीवर हवा, त्यांना सर्दी असली की आवाजातलं काय कमी करायचं, हे त्याला तोंडपाठ होतं.

"लेव्हल द्या, बाई."

"एक, दोन, तीन. आज हवामान कोरडं राहील."

"मस्त. घ्या."

लाल दिवा लागला. बाईंनी वाचायला सुरुवात केली. "नमस्कार. गेली एकोणीस वर्षं मी तुम्हाला खरं तेच सांगत आले आहे..."

आणि आवाज अडकला. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"होतं असं," लेव्हलराव म्हणाला. "पुन्हा घेऊ."

दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा त्या वाक्य ओलांडून पुढे गेल्या, पण आवाज असा काही लागला की लेव्हलरावानेच हात वर करून थांबवलं. चौथ्यांदा खुर्ची वाजली. पाचव्यांदा त्या पाणी प्यायल्या. सहाव्यांदा बाई कागद टेबलावर ठेवून नुसत्याच बसल्या. दिवा लालच होता.

"मी पंधरावी आहे," त्या माइकमध्ये म्हणाल्या.

काचेपलीकडे लेव्हलरावाने वर बघितलं.

"यादीत चौदा नावं आहेत. मी पंधरावी. त्याच्या आधीच्या वर्षी मीही घेतले होते पैसे. पूर्ण वर्षभर. लबाडीचे आहेत हे कळल्यावर बंद केले, पण बोलले नाही."

लेव्हलरावाने बटण दाबलं. लाल दिवा विझला. थोड्या वेळाने बाईंच्या कानावरच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. "हे मुद्रित झालंय, बाई."

"माहीत आहे."

"पुसू?"

बाईंनी टेबलावरचा कागद दुमडला.

"नीट विचार करा. पुसलं तर फक्त तुम्हाला आणि मला माहीत."

"नको पुसूस," बाई म्हणाल्या.

तो जाड दार ढकलून आत आला. इतक्या वर्षांत तो आत यायचा तो फक्त माइक हलवायला. आज भिंतीला टेकून उभा राहिला.

"ते वर्ष म्हणजे... त्याच वर्षी मार्चमध्ये मी पगारवाढीचा अर्ज केला होता."

"हो."

"तुम्हीच लिहून दिला होता मला. किती सुंदर भाषा होती त्यात. तेव्हाचे साहेबसुद्धा म्हणाले, अर्ज झकास आहे, पण पैसे नाहीत."

बाईंनी मान खाली घातली. "तो अर्ज लिहीत होते तेव्हा माझ्या पर्समध्ये ते पाकीट होतं. म्हणून तर हे वाक्य तोंडातून निघत नाहीये. बाकी कुणाचं नाही, तुझं तोंड दिसतंय समोर काचेतून."

लेव्हलराव टेबलापाशी आला. मग म्हणाला, "मला तुमचा राग आलाय. खोटं कशाला बोलू? चांगलाच आलाय." त्याने पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "पण घसा कोरडा पडलाय तुमचा. पाणी प्या आणि साहेबांकडे जा. मी इथून हलत नाही."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी घसा खाकरला.

"कुणी धमकी दिलीय का तुम्हाला? कुणाला कळलंय?"

"कुणालाच कळलेलं नाही. कागदही उरलेले नाहीत."

"मग का सांगताय?"

"मला ते निवेदन वाचता येत नाहीये," बाई म्हणाल्या. दुसरं कारण त्यांना सुचलंच नाही.

साहेब उठून खिडकीशी गेले. "पाणीपुरवठ्यात असताना एकदा नळाला गढूळ पाणी आलं. सगळे म्हणाले, पाणी शुद्ध आहे अशी पत्रकं वाटा. मी लोकांना टाकीवर घेऊन गेलो आणि झाकण उघडून गाळ दाखवला. शिव्या खाल्ल्या. पण साफसफाई झाली तेव्हा तीच माणसं बघायला आली होती." ते वळले. "ते निवेदन रद्द. मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. हे तुम्ही लोकांना सांगाल?"

"सांगेन."

"कुठे?"

"सातच्या बातम्यांत. बातमी म्हणून. माफी, रडारड काही नको. दुसऱ्या कुणाची बातमी असती तर जशी वाचली असती, तशी."

"त्यानंतर मला तुम्हाला माइकवरून काढावं लागेल. किती दिवस, ते चौकशी समिती ठरवेल. शिवाय पैसे परत करावे लागतील."

"ते मी धरूनच चालले आहे."

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना बाईंच्या लक्षात आलं की त्यांना सडकून भूक लागली आहे. उपाहारगृहात जाऊन त्यांनी दोन टोस्ट आणि ऑम्लेट खाल्लं. मग आणखी एक टोस्ट मागवला.

घरी सांगणं त्याहून अवघड होतं. नवरा नव्या ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता. त्याने सगळं ऐकलं आणि गाळणी हातात तशीच धरून ठेवली.

"म्हणजे हा ओटा..."

"हो."

"आणि ही फरशी."

"तीही."

"थकबाकी म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते."

"मी ऑफिसात छाती काढून फिरलो! अगं, मी लोकांना म्हटलं, शोधा म्हणून!" तो चिडला की त्याचा आवाज बारीक व्हायचा. "घेतलेस ते घेतलेस. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत करायला लावले असते."

"लावलेच असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

गाळणी ओट्यावर आपटून तो बाहेर गेला, फेरफटका मारून आला, गुपचूप जेवला. एरवी जेवताना तो सगळ्या खात्याचं राजकारण ऐकवायचा. झोपायला जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "सकाळी टॅक्सीने जा. बसमध्ये उभी राहू नकोस."

सकाळी सातला बाईंसमोर नेहमीसारखे कागद होते. पहिली बातमी संसदेची, दुसरी पुराची. तिसरी वृत्तसंपादकाने स्वतः लिहिली होती आणि चार वेळा खोडली होती. बाईंनी ती त्याच संथ आवाजात वाचली. राष्ट्रीय प्रसारण मंडळातल्या छुप्या मानधनाच्या प्रकरणात आणखी एक नाव पुढे आलं आहे. त्यांनी स्वतःचं नाव पूर्ण वाचलं, आडनावासकट. संबंधित निवेदिकेने वर्षभर ही रक्कम घेतल्याचं स्वतःहून कबूल केलं आहे. ती परत केली जाणार आहे. आजपासून त्या बातम्या वाचणार नाहीत. मग चौथी बातमी, मग हवामान.

दिवा विझल्यावर काचेपलीकडे लेव्हलरावाने अंगठा वर केला. तो तसा प्रत्येक बातमीपत्रानंतर करायचा. आज केला नसता तर बाईंना तिथेच रडू कोसळलं असतं.

घरून फोन आला. "ऐकलं," नवरा म्हणाला. "एकही शब्द चुकला नाहीस." मग जरा थांबून, "आज ऑफिसात मीच सांगणार आहे सगळ्यांना. त्यांनी विचारायच्या आत."

समितीने बाईंना सहा महिने माइकपासून दूर ठेवलं आणि श्रोता कक्षात बसवलं. तिथे लोकांचे फोन घ्यायचे असतात. एका लांबट खोलीत चार टेबलं, चार फोन आणि एक वही. पहिला आठवडा शिव्यांचा होता. बाईंनी प्रत्येक फोन घेतला. "चोर ती चोरच," एक आजोबा म्हणाले आणि मग पाऊण तास बोलत बसले. एक बेकरीवाली म्हणाली, "मी तुमचा आवाज ऐकत पीठ मळते. त्या दिवशी हात थांबले हो माझे. अजून चिडलेय मी." बाई म्हणाल्या, "चिडायलाच हवं." ती म्हणाली, "पण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर रेडिओच फेकून दिला असता."

दहाव्या दिवशी टीव्हीवरचा एक लोकप्रिय सूत्रसंचालक साहेबांच्या खोलीत गेला आणि त्याच पहिल्या वर्षाबद्दल सांगून आला. त्याच्यामागोमाग तिघेजण गेले. साहेबांनी चौकशी वर्षभर मागे नेली आणि वरच्या सगळ्यांचे पगार एका ओळीत फाटकाशी लावले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळाची दारं उघडी ठेवली. माणसं यायची, स्टुडिओ बघायची, तावातावाने भांडायची. साहेब खुर्ची टाकून दारातच बसायचे आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचे. एकदा एक शिक्षिका तीस मुलं घेऊन आली. मुलांनी पगारापेक्षा लिफ्टबद्दलच जास्त प्रश्न विचारले.

चौथ्या महिन्यात श्रोता कक्षात एक फोन आला. पलीकडे निवृत्त मुख्याध्यापक होते.

"काय चाललंय काय तुमच्याकडे?" ते कडाडले.

बाईंनी वही ओढली. "बोला. मानधनाबद्दल का?"

"मानधन गेलं खड्ड्यात! तुमच्या नव्या मुलीने आज 'आशीर्वाद' हा शब्द 'आर्शिवाद' असा वाचला. दोनदा! राष्ट्रीय प्रसारण आहे की थट्टा?"

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि खोलीतल्या बाकीच्या तिघींकडे वळल्या. "अगं, उच्चाराची तक्रार आहे!"

"काय सांगता!"

"खरंच. शुद्ध उच्चाराची!"

चौघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. चार महिन्यांत हा पहिला फोन होता ज्यात पैशाचं नाव नव्हतं. मुख्याध्यापक पलीकडून विचारत होते, "हसताय का? मी गंभीरपणे बोलतोय!" बाईंनी माफी मागितली, तक्रार शब्दशः लिहून घेतली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज फोन करत जा."

"करणारच आहे," ते म्हणाले.

त्यानंतर तशा फोनांची रांगच लागली. नाटक लवकर संपवलं. शास्त्रीय संगीत फार लावता. फार कमी लावता. हवामानवाल्याने ऊन सांगितलं आणि आमचे कपडे भिजले. फीचे पैसेही पुन्हा जमा होऊ लागले. सगळ्यांनी फी भरली नाही, पण बहुतेकांनी भरली. वर्षअखेरीस तीनशेपैकी दोनशे चाळीस कंत्राटी लोकांना कायम केल्याची पत्रं निघाली. उरलेल्यांची पुढच्या वर्षी काढायचं ठरलं. लेव्हलरावाचं पत्र पहिल्या गठ्ठ्यात होतं. तो ते घेऊन श्रोता कक्षात आला आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"वाचा. चुका काढा," तो म्हणाला.

बाईंनी वाचलं. "दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय."

"असू दे. मी नाही परत करणार."

दोघं हसले. मग तो टेबलाच्या कडेवर बसला. "राग बराचसा गेलाय," तो म्हणाला. "थोडा ठेवलाय. लागला तर असावा."

"ठेव," बाई म्हणाल्या. "तो तुझा हक्काचा आहे."

सहा महिने संपले तेव्हा सातच्या बातम्या त्या नव्या मुलीकडे गेल्या होत्या. 'आशीर्वाद'वाली मुलगी आता छान वाचायची, मुख्याध्यापकांच्या फोनांनी तिला ताळ्यावर आणलं होतं. साहेब ओशाळून म्हणाले, "तुम्हाला दुपारी दोनचं बातमीपत्र देऊ शकतो. ऐकणारे कमी असतात त्या वेळी."

"दोनचं?" बाईंनी विचारलं. "म्हणजे पहाटे साडेचारला उठायला नको?"

"नको."

"द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता द्या."

पहिल्या दिवशी त्या नवऱ्याबरोबरच उठल्या, साडेसातला. वीस वर्षांत प्रथमच कामाच्या दिवशी दोघांनी एकत्र नाश्ता केला. तो भूमापन खात्यातल्या बदल्यांबद्दल बोलत होता: कोण कुणाच्या वशिल्याने कुठे गेलं, नवा अधिकारी कसा नकाशा उलटा धरतो. गोष्ट लांबत चालली होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ वाजत होते आणि त्यांना कुठेही जायचं नव्हतं. त्यांनी टोस्टला लोणी लावलं आणि विचारलं, "मग तो काय म्हणाला?"